काचनळीचे उत्तरायुष्य : संगणकाच्या जुन्या मॉनिटरची दुरुस्ती, मोड आणि विल्हेवाट

नित्य वापरातील वस्तूंचा इतिहास लिहिताना त्या कोणी घडवल्या, कोणी विकल्या आणि कोणी वापरल्या याची नोंद बहुधा होते. मात्र त्या निकामी झाल्यावर कोणाच्या हाती गेल्या, त्यांतले काय विकले गेले आणि काय मातीत पडले, याकडे इतिहासलेखनाचे लक्ष क्वचितच जाते. संगणकाचा मागून फुगीर, वजनदार, काचनळीचा मॉनिटर ही अशा दुर्लक्षाला बळी पडलेली वस्तू आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साधारण २०१० पर्यंतच्या पंचवीस वर्षांत तो महाराष्ट्रातील बँका, सहकारी पतसंस्था, तहसील कार्यालये, महाविद्यालये, छापखाने आणि नंतर मध्यमवर्गीय घरे येथे आला, स्थिरावला आणि सपाट पडदा येताच अल्पावधीत अडगळीत गेला. त्याच्या या उत्तरायुष्याचा माग घेतला असता एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ज्या घटकाला बाजारात भाव होता त्याची सोय कोणत्याही कायद्याची वाट न पाहता झाली, आणि ज्याला भाव उरला नाही तो घटक, म्हणजे शिसेमिश्रित काच, कायदे आल्यानंतरही बेवारस राहिला.

हे समजण्यासाठी आधी या वस्तूची रचना पाहिली पाहिजे. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे तयार केलेली ऋणाग्र-किरण नलिका ही दूरचित्रवाणी संचाची आणि संगणकाच्या जुन्या मॉनिटरची मूळ जननी होय. कारागिरांच्या बोलीत तिला पिक्चर ट्यूब म्हणतात. या हवा काढून घेतलेल्या काचनळीच्या मागच्या निमुळत्या टोकाला, म्हणजे मानेत, इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी ‘गन’ बसवलेली असते; मानेवर चढवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, ज्याला ‘योक’ म्हणतात, त्या झोताला डावीउजवीकडे व खालीवर वळवते; आणि समोरच्या काचेच्या आतील बाजूस लावलेली प्रस्फुरक भुकटी झोत आदळताच उजळून चित्र उमटवते. रंगीत नळीत तीन गन आणि छिद्रांची पातळ पोलादी जाळी असते व झोताला वेग देण्यासाठी सुमारे २५ हजार व्होल्ट दाब लागतो. इतक्या दाबाने धावणारे इलेक्ट्रॉन काचेवर व धातूवर आदळले की क्ष-किरण निर्माण होतात, आणि समोर तासन्‌तास बसणाऱ्या माणसाला त्यांपासून वाचवण्यासाठीच काचेत जड धातू मिसळावे लागतात.

ही मिसळण सर्वत्र सारखी नसते, आणि पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ याच बारकाव्यात आहे. समोरच्या काचेत शिसे घातले तर इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने ती तपकिरी पडत जाते, म्हणून तेथे मुख्यतः बेरियम आणि स्ट्रॉन्शियम यांची संयुगे वापरली जात. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात मात्र वजनाच्या सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश शिशाचे ऑक्साइड असे. आणि हे दोन भाग जोडणाऱ्या काचेच्या डाखात तर शिशाचे ऑक्साइड सर्वाधिक असे. अशा रीतीने एका रंगीत मॉनिटरमध्ये एक-दोन किलो किंवा आकारानुसार त्याहूनही अधिक शिसे सामावलेले असते. हे शिसे काचेत बद्ध असल्यामुळे अखंड, चालू मॉनिटर वापरणाऱ्याला त्यापासून धोका नसतो; परंतु काच फुटून तिचा चुरा कचराभूमीतील आम्ल पाण्यात पडला की शिसे पाझरू लागते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात टिमथी टाऊनसेंड यांच्या गटाने गेल्या शतकाच्या अखेरीस केलेल्या चाचण्यांत रंगीत नळ्यांच्या काचेतून पाझरणारे शिसे धोकादायक कचऱ्यासाठी तेथे ठरलेल्या लिटरला ५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले, आणि तेव्हापासून ही काच सामान्य कचऱ्यात टाकण्याजोगी नाही हे शास्त्रीयदृष्ट्या निश्चित झाले.

जुनी वस्तू टाकून न देता तिच्यातील मोल वसूल करण्याची रीत महाराष्ट्राला मॉनिटरने शिकवली नाही. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घालून वजनाच्या भावात वजावट घेणे आणि नवी भांडी खरेदी करणे, पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांकडून चेपलेला हंडा ठोकून घेणे, दारावर येणाऱ्या कल्हईवाल्याकडून पातेल्यांना कल्हई लावून घेणे, जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेणे, या सर्व व्यवहारांत दुरुस्ती, फेरवापर आणि मोड या तीन पायऱ्या ठरलेल्या होत्या. वस्तू दुरुस्त होत राहील तोवर ती वापरायची, दुरुस्त होईना तर गरजूला द्यायची, आणि तेही शक्य नसेल तर तिच्या धातूचे मोल करायचे, हा क्रम घराघरांत पाळला जात होता. मात्र या परंपरेतील वस्तू एकजिनसी असत. पितळेच्या घागरीची मोड म्हणजे सगळे पितळच असे, त्यामुळे विकल्यानंतर मागे काहीच उरत नसे. विजेच्या वस्तूंनी ही घडी प्रथमच मोडली.

त्या वस्तूंच्या दुरुस्तीचा व्यवसाय रेडिओपासून सुरू झाला असला तरी त्याला खरा विस्तार दूरचित्रवाणीने दिला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली दूरचित्रवाणी मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली, पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे ती पुण्यात पोहोचली, आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने तिला रंग मिळाला. दूरचित्रवाणी संच ही त्या काळी मोठ्या खर्चाची, अनेकदा हप्त्यांवर घेतलेली वस्तू असल्यामुळे तो बिघडला की टाकून देण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रेडिओ व टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकून बाहेर पडलेले तरुण, तसेच एखाद्या दुकानात उमेदवारी करत हात बसवलेले कारागीर, यांनी गावोगाव दुरुस्तीची दुकाने थाटली. मुंबईत डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडी कायम राहिलेला लॅमिंग्टन रोड, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या दोन बाजारपेठा सुट्या भागांचा पुरवठा करत. तेथून घेतलेले कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर आणि जुने योक तालुक्याच्या गावापर्यंत जात असत.

संगणक या तयार पायावर आला. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून अंग काढून घेतल्यानंतर देशी उत्पादकांना वाव मिळाला, १९८० मध्ये मुंबईत झेनिथ कॉम्प्युटर्ससारखी कंपनी उभी राहिली, आणि नोव्हेंबर १९८४ च्या संगणकविषयक धोरणाने आयात व उत्पादन यांवरील बंधने सैल केल्यावर कार्यालयांतून संगणक दिसू लागले. आरंभीचे मॉनिटर एकरंगी, हिरव्या किंवा पिवळसर अक्षरांचे असत. १९९० च्या दशकात रंगीत मॉनिटर रूढ झाला. दूरचित्रवाणी संच उघडण्याची सवय असलेल्या कारागिराला मॉनिटर परका नव्हता, कारण उच्च दाबाचा फ्लायबॅक, योक, मानेवरचा छोटा बोर्ड आणि गन ही अंगे दोन्हींत सारखीच होती. डाख सुटलेले सांधे पुन्हा जोडणे, फुगलेले कपॅसिटर बदलणे, जळालेला ट्रान्झिस्टर काढून नवा बसवणे, चुंबकीय प्रभावाने रंग फाटलेल्या पडद्यावर तारेचे वेटोळे फिरवून तो पूर्ववत करणे, अशा कामांनी बहुतेक मॉनिटर पुन्हा चालू होत. हे काम जोखमीचेही होते. संच बंद केल्यानंतरही नळीत काही काळ विद्युतभार साठून राहतो, म्हणून तो जमिनीकडे उतरवल्याशिवाय नळीच्या माथ्यावरील रबरी टोपीला हात लावायचा नाही, हा नियम उमेदवाराला सर्वप्रथम शिकवला जाई.

नळीच थकली, म्हणजे गनची उत्सर्जनक्षमता घटून चित्र मंद झाले, तरीही तिचे आयुष्य संपत नसे. अशा नळीची मान कापून नवी गन बसवायची, काच वितळवून सांधा बंद करायचा, भट्टीत तापवत आतली हवा पंपाने खेचून काढायची, आणि उरलेसुरले वायू शोषून घेण्यासाठी आतील बेरियमचे कडे तापवून उडवायचे, अशी पुनर्भरणाची प्रक्रिया देशातील अनेक शहरांत छोट्या कारखान्यांतून चालत असे. संगणकाच्या मोडीत निघालेल्या मॉनिटरच्या चांगल्या नळ्या याच मार्गाने स्थानिक बनावटीच्या स्वस्त दूरचित्रवाणी संचांत बसवल्या जात आणि ज्यांना नवा संच परवडत नसे अशा घरांत पोहोचत. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘अकाई’ या दूरचित्रवाणी संचांच्या ब्रँडने जुना संच द्या आणि नवा घ्या अशा योजनांनी भारतीय बाजारात खळबळ उडवली, तेव्हा भांड्यांच्या मोडीची जुनी रीतच नव्या रूपात पुढे आली. परत घेतलेले संच नष्ट न होता दुरुस्त होऊन दुय्यम बाजारात जात, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यालाही काम मिळे.

दुरुस्तीपलीकडे गेलेला मॉनिटर भंगारवाल्याकडे जाई आणि तेथून मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी या भागांतील गोदामांत, तर उत्तरेत दिल्लीच्या सीलमपूर परिसरात, वर्गवारीसाठी पोहोचे. तेथील कामगार प्लास्टिकचे कवच वेगळे करत, योक व चुंबकहारक वेटोळे फोडून तांबे काढत, बोर्ड उपटून पुढच्या व्यापाऱ्याला विकत, नळीभोवतीचा पोलादी पट्टा आणि आतील जाळी लोखंडाच्या भावात देत. या वर्गवारीतील कौशल्य असामान्य होते; कोणत्या बोर्डात मौल्यवान धातू अधिक, कोणत्या तारेवरील आवरण सहज निघते, कोणते प्लास्टिक कोणत्या कारखान्याला लागते, हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते हातांत होते. मात्र त्याच गोदामांत तांब्यासाठी तारा जाळल्या जात आणि त्यांच्या आवरणातील क्लोरीनमुळे विषारी डायॉक्सिन हवेत मिसळत; बोर्ड पुढे मुरादाबादसारख्या ठिकाणी जाऊन आम्लात बुडवले जात; आणि फुटलेल्या नळीतील भुकटी व काचेचा चुरा कोणत्याही मुखपट्टीविना काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या श्वासात जाई. ज्या काळात, म्हणजे २००० मध्ये, भारताने पेट्रोलमधील शिसे हद्दपार केले, त्याच काळात शिशाचा हा दुसरा साठा वस्त्यांच्या कडेला उघड्यावर रचला जात होता.

या साठ्यात परदेशी भरही पडत होती. धोकादायक कचऱ्याची देशोदेशींची ने-आण रोखण्यासाठी २२ मार्च १९८९ रोजी बाझेल करार झाला व तो १९९२ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी भारताने त्यास मान्यता दिली. तरीही वापरलेले संगणक, देणगी किंवा मिश्र भंगार अशा नावांखाली टाकाऊ सामान बंदरांतून येत राहिले. २००२ मध्ये ‘एक्सपोर्टिंग हार्म’ या अहवालाने चीन, भारत आणि पाकिस्तान यांच्याकडे वाहणाऱ्या या कचऱ्याचे चित्र जगासमोर मांडले, आणि दिल्लीतील टॉक्सिक्स लिंक या संस्थेने त्यानंतर भारतातील गोदामांची सविस्तर पाहणी प्रसिद्ध केली. भारतात ई-कचरा हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला तो या सुमारास.

त्या काळी नळीच्या काचेला एक कायदेशीर आणि तुलनेने निर्धोक गिऱ्हाईक होते : नव्या नळ्या बनवणाऱ्या काचभट्ट्या. जुनी शिसेयुक्त काच वितळवून तिच्यापासून नव्या नळीची काच ओतता येते, आणि त्यात शिसे पुन्हा काचेतच बद्ध होते. राजस्थानातील कोटा येथे अशी काच बनवणारा कारखाना होता, आणि मराठवाड्यात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाची काचभट्टी गुजरातमधील भरूच येथे होती. जगभर नळ्यांचे उत्पादन आटत गेले तेव्हा भरूचची ही भट्टी जुन्या नळीच्या काचेचा स्वीकार करणाऱ्या जगातील शेवटच्या मोठ्या ठिकाणांपैकी एक उरली आणि अमेरिकेतील पुनर्प्रक्रिया व्यावसायिकसुद्धा तिच्यावर विसंबून राहिले. अर्थात नव्या नळीला मागणी आहे तोवरच ही सोय टिकणार होती.

ती मागणी सपाट पडद्याने संपवली. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९९७ मध्ये भागीदार झाला होता. त्यामुळे द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडी पडदे झपाट्याने स्वस्त होऊन आले. कार्यालयांनी एकाच वेळी शेकडो जुने मॉनिटर लिलावात काढले, आणि ज्या वस्तूसाठी पूर्वी दुरुस्तीवाला शोधला जाई ती कोणी फुकट नेईना अशी झाली. नळ्या बनवणारे कारखाने बंद पडले, पुनर्भरणाच्या छोट्या भट्ट्या थंडावल्या, आणि २०१० च्या दशकाच्या मध्यावर काच घेणाऱ्या भट्ट्याही विझल्या. व्हिडिओकॉन समूहाची मुख्य कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या बदलाचा फटका श्रीमंत देशांनाही बसला. अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथे हजारो टन शिसेयुक्त काच गोदामांत सोडून देण्यात आली आणि ती हलवण्याचा खर्च कोणी सोसायचा यावर न्यायालयीन वाद झाला. भारतात असे वाद झाले नाहीत, कारण येथे काच मोजलीच गेली नाही. तांबे निघाल्यावर ती भरावात, नाल्याकाठी आणि कचराभूमीवर विरून गेली.

कायद्याची पावले या घटनाक्रमाच्या मागून पडली. १९८९ च्या धोकादायक कचऱ्याविषयीच्या नियमांत संगणकाचा स्वतंत्र विचार नव्हता. २००५ सालासाठीच्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ४६ हजार टन ई-कचरा निर्माण होत होता, त्यात सुमारे २० हजार टनांसह महाराष्ट्र राज्यांत पहिला आणि सुमारे ११ हजार टनांसह मुंबई शहरांत पहिली होती. २०११ मध्ये ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम झाले व ते १ मे २०१२ पासून लागू झाले. त्यांनी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी हे तत्त्व आणले, म्हणजे वस्तू विकल्यावर उत्पादकाचे कर्तव्य संपत नाही, ती निकामी झाल्यावर परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावण्याचा भार त्याच्यावर राहतो. २०१६ च्या नियमांनी दुरुस्ती करून फेरवापरास देणाऱ्या व्यावसायिकाला कायद्यात स्थान दिले, आणि २०१८ च्या दुरुस्तीने संकलनाचे उद्दिष्ट १० टक्क्यांपासून सुरू करून दरवर्षी वाढवत नेले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांनी वस्तूंची यादी शंभरावर नेली आणि उत्पादकाने पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन आपले उद्दिष्ट पूर्ण करण्याची पद्धत बसवली.

या प्रमाणपत्रांच्या हिशेबात इतिहासाची पुनरावृत्ती स्पष्ट दिसते. पुनर्प्रक्रियेचे श्रेय मोजताना सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम हे धातू धरले जातात. म्हणजे ज्या पदार्थांना कुर्ल्याच्या गोदामात आधीपासूनच भाव होता त्यांनाच कायद्यानेही मोल दिले. शिसेयुक्त काच, पाऱ्याचे दिवे आणि प्रस्फुरक भुकटी यांची योग्य सोय लावण्यास खर्च येतो आणि उत्पन्न काहीच नाही. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथील धोकादायक कचऱ्याच्या सुरक्षित भूभरण केंद्रांपर्यंत ही काच व भुकटी पोहोचवणे, किंवा नरसाळ्याची काच गरम तारेने अथवा हिऱ्याच्या पात्याने वेगळी कापून शिसे गाळणाऱ्या भट्टीकडे पाठवणे, ही तंत्रे ज्ञात आहेत. उणीव आहे ती त्यांचा खर्च कोणी द्यायचा या निश्चितीची.

दुसरी उणीव माणसांची गणना न करण्याची आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिने कचरावेचक स्त्रियांना ओळखपत्रे मिळवून दिली; तिच्यातून पुढे उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्यांना महानगरपालिकेशी करार मिळवून दिला. दारोदारच्या संकलनाचे काम कष्टकऱ्यांच्या हाती ठेवूनही ते सुरक्षित व प्रतिष्ठेचे करता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. ई-कचऱ्याच्या नियमांनी मात्र परवानाधारक कारखाना हाच केंद्रबिंदू मानला, त्यामुळे ज्यांच्या हातांतून बहुतेक मॉनिटर गेले ते भंगारवाले व कारागीर कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आणि त्यांचे ज्ञानही बाहेरच राहिले.

आज माळ्यावर किंवा शाळेच्या कोठीत उरलेल्या काचनळीच्या मॉनिटरबाबत या इतिहासातून निघणारा मार्ग सरळ आहे. तो अखंड ठेवावा, घरी उघडू नये, फोडू तर मुळीच नये. चालू असेल तर जुने संच जपणाऱ्या किंवा त्यावर शिकवणाऱ्या संस्थेला द्यावा. निकामी असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा उत्पादकाच्या संकलन केंद्राकडे सोपवून पावती घ्यावी, आणि काचेचे पुढे काय होते हे विचारावे. काचनळीनंतर आलेल्या सपाट पडद्यांच्या बाबतीत दुरुस्तीला अजून पुष्कळ वाव आहे. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील फुगलेले कपॅसिटर बदलणे हे अल्प खर्चाचे काम अनेक पडद्यांना पुन्हा चालू करते, आणि जुन्या एलसीडी पडद्यांतील पाऱ्याचे बारीक नळीदिवे फुटू नयेत म्हणूनही हे पडदे जाणत्या कारागिराकडेच न्यावेत.

२०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचे नोंदणीकृत संकलन झाले. महाराष्ट्राने मॉनिटरच्या बाबतीत जी चूक होऊ दिली ती सौरपट आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्या यांच्या बाबतीत पुन्हा होऊ द्यायची नसेल, तर वस्तू विकतानाच तिच्यातील बिनभावाच्या भागाचा खर्च किमतीत धरला पाहिजे, दुरुस्ती करणाऱ्याला सुटे भाग व नकाशे मिळाले पाहिजेत, आणि मोड वेगळी करणाऱ्या हातांना संरक्षण व मजुरी मिळाली पाहिजे. विकल्या जाणाऱ्या तांब्याची काळजी बाजार नेहमीच घेत आला आहे. न विकल्या जाणाऱ्या काचेची काळजी घेणे हे शासनाचे, उत्पादकाचे आणि ग्राहकाचे समान कर्तव्य आहे.